वाघाला नापास करणाऱ्या हिरेमठबाई

हिरेमठबाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बोळात मी नुकतंच कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं आणि माझ्या एका गिऱ्हाइकानं मोटारसायकल नेमकी त्यांच्या फाटकासमोर आडवी लावली होती. बाई तरातरा आत आल्या, बोट उगारलं, तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. टेबलावरच्या पडद्यावर तळ्यातून एक होडी चालली होती. होडीत म्हातारा नावाडी, पाण्यात त्याची सावली, मागं डोंगर.

"सिनेमा हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही अक्का, परीक्षा चाललीय. ग्राफिक्स कार्डाची."

मग मला सगळं सांगावं लागलं. पडद्यावर चित्र काढायचं काम करतं ते ग्राफिक्स कार्ड. गेम खेळणाऱ्या पोरांना हे कार्ड जोरकस लागतं. कुठलं कार्ड किती जोरकस, हे बघायला एक प्रोग्रॅम असतो, त्याला बेंचमार्क म्हणतात. तो गेमसारखाच दिसतो, पण खेळत कुणी नाही. होडी जाते, घोडेस्वार येतो, दिव्यांचा महाल दिसतो, आणि शेवटी एक आकडा येतो. तेवढ्यात आकडा आलाच.

"किती पडले?"

"तीन हजार दोनशे."

"कितीपैकी?"

बेंचमार्कला कितीपैकी असं काही नसतं, जितका जास्त तितकं बरं. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी तेव्हाच सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. "कितीपैकी ते ठाऊक न्हाई आणि मार्क वाटत सुटलाय," त्या म्हणाल्या. "परत लाव बघू." मोटारसायकलीचं भांडण तिथंच राहिलं आणि बाई स्टुलावर बसल्या.

त्या गणिताच्या बाई. मुलींच्या हायस्कुलात जन्म गेला आणि नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. गडहिंग्लजकडचं लिंगायत घराणं, घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावल्या की दोन्ही. बोळातले सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणत होतो. मला त्या पहिल्या दिवसापासून तम्मा म्हणायच्या. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. यजमान बरेच आधी गेले होते, मुलगी धारवाडला नांदत होती आणि दुपार खायला उठत होती. पेपर तपासायला उरले नव्हते. माझ्या दुकानात ते सापडले.

दुसऱ्या दिवसापासून जेवण उरकलं की अक्का हजर. येताना निवडायचे तांदूळ किंवा सोलायच्या शेंगा घेऊन यायच्या. एखादं कार्ड चाचणीला लावलं, की त्यांचा हात शेंगांवर आणि डोळे पडद्यावर. गेम मात्र कधी खेळल्या नाहीत. पोरांनी आग्रह केला तर म्हणायच्या, "मी बसले पेपर लिहायला, तर सुपरव्हिजन कोण करणार?" चाचणीतल्या सगळ्या मंडळींचं त्यांनी बारसं करून टाकलं होतं. घोडेस्वार म्हणजे त्यांचे जुने हेडमास्तर, कारण तो नुसता दौडायचा आणि पोचायचा कुठंच नाही. नावाड्याचं नाव म्हादबा. "म्हादबा आज अडखळतोय बघ," असं त्या म्हणाल्या, की समजायचं, कार्ड कमी पडतंय. आकडा यायच्या आधीच त्यांना अंदाज आलेला असायचा.

त्यांनी आल्या आल्या माझ्या चाचणीला शिस्त लावली. मी आपला एकदा प्रोग्रॅम पळवायचो आणि आकडा सांगायचो. त्यांना ते मंजूर नव्हतं. पहिल्या खेपेचे मार्क धरायचेच नाहीत, पोर बावरलेलं असतं. मग तीनदा लावायचं आणि मधला आकडा घ्यायचा. एक कार्ड काढून लगेच परत लावलं तर ओरडायच्या, "अंगात ताप असलेल्या पोराची परीक्षा घेतात व्हय? निवू दे आधी." एकदा शाहूपुरीतला एक कॉलेजकुमार छाती काढून सांगत होता, की त्याचं कार्ड मित्राच्या कार्डापेक्षा दुप्पट मार्क घेतं. अक्कांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि त्याची उलटतपासणी सुरू केली. मित्राचा प्रोसेसर जुना, त्याचा नवा. मित्रानं चित्र मोठं ठेवलेलं, यानं लहान. "एकाला चौथीचा पेपर दिलास, दुसऱ्याला दहावीचा, आणि हुशार कोण म्हणून मलाच विचारतोस?" तो पोरगा दुसऱ्या दिवशी मित्राला आणि त्याच्या कार्डाला घेऊन परत आला. दोन्ही कार्डं एकाच मशीनवर लावली. दोघांत फरक निघाला तो चहाच्या कपातल्या साखरेएवढा, आणि दोघं हसत गेले.

हळूहळू बोळात गर्दी व्हायला लागली. इचलकरंजीहून, कागलहून पोरं कार्डं घेऊन यायची, कुणी तर पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून. सगळ्यांना अक्कांचा निकाल हवा असायचा. यातली निम्मी पोरं माझ्याकडून काहीच विकत घ्यायची नाहीत, हा भाग वेगळा. दुकान गजबजलेलं आणि गल्ला रिकामा, अशी माझी अवस्था. वडील कागलला शेती बघत होते. त्यांनी मला निर्वाणीचं सांगितलं होतं, की दिवाळीपर्यंत दुकान उभं राहिलं तर ठीक, नाहीतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांच्या ओळखीनं चिकटायचं. कारखान्याचं काम वाईट नव्हतं, पण दुकान माझा जीव की प्राण होता.

अशात पेठ वडगावचे आनंदराव आले. घरचं दूध संकलन केंद्र, चार भावांची शेती, आणि आता बसस्टँडजवळ गाळा घेऊन गावातलं पहिलं गेम पार्लर काढायचं त्यांच्या मनात भरलं होतं. एकदम सगळी मशीनं माझ्याकडून घ्यायची त्यांची तयारी होती. ही ऑर्डर मिळाली असती, तर वडिलांचं तोंड बंद आणि दुकान पक्कं. नाही मिळाली, तर दिवाळीनंतर कारखान्याची पहाटेची बस. इतका सरळ हिशेब होता.

दोन कार्डांत निवड होती. एकाच्या खोक्यावर डरकाळी फोडणारा वाघ, दुसऱ्याच्या खोक्यावर तलवार घेतलेली बाई. किंमत जवळपास सारखी. पण वाघाचं कार्ड मला घाऊक विक्रेत्यानं गळ्यात मारलं होतं, माल दुकानात येऊन पडला होता, आणि त्याच्याबरोबर नवीन ड्रायव्हरची सीडी आली होती. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामाला लावणारा छोटा प्रोग्रॅम. सकाळी मी ती सीडी टाकून बघितली आणि वाघानं चाचणीत पाच हजाराच्या वर उडी घेतली. तलवारवाली साडेचार हजारावर अडकलेली. मी खूश होतो. माल जाणार होता, ऑर्डर मिळणार होती आणि आकडा माझ्या बाजूला होता.

दुपारी आनंदराव आले, अक्काही नेहमीसारख्या स्टुलावर बसल्या. मी ऐटीत वाघ लावला. होडी निघाली, हेडमास्तर दौडले, महाल उजळला, आणि पाच हजार दोनशे पडले.

"झकास की," आनंदराव म्हणाले. "हेच बसवा."

"परत लाव," अक्का म्हणाल्या.

त्यांची नेहमीची तीन खेपांची सवय, असं समजून मी परत लावलं. या वेळी त्या उठून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. "तम्मा, म्हादबाची सावली कुठं गेली?"

मी बघितलं. होडी होती, म्हादबा होता, पाणी चकाकत होतं, पण पाण्यात त्याची सावली पडत नव्हती. सकाळी घाईत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "असेल काहीतरी अक्का, आकडा तर आलाय ना."

"काम टाळून मार्क आलेत," त्या म्हणाल्या. "परीक्षा हाय हे कळलं की सगळी पोरं शहाणी हुत्यात. ह्याला कशावरनं कळतं, की आता परीक्षा चाललीय?"

मी नाइलाजानं उत्तर दिलं. "प्रोग्रॅमच्या नावावरून कळत असेल. दुसरं काय?"

"मग नाव बदल."

आनंदरावांसमोर नाही कसं म्हणणार? मी मनातल्या मनात चरफडत बेंचमार्कच्या फाइलला म्हादबा असं नाव दिलं आणि प्रोग्रॅम सुरू केला. बाकी काही बदललं नव्हतं. तेच कार्ड, तीच सीडी, तीच होडी. यावेळी म्हादबाची सावली पाण्यात लख्ख पडली, आणि शेवटी मार्क पडले चार हजार शंभर. अक्कांनी अजून दोनदा लावायला सांगितलं. आकडा तिथंच घुटमळत राहिला. मग त्यांनी तलवारवालीलाही त्याच खोट्या नावानं परीक्षेला बसवलं. तिचे साडेचार हजार जागचे हलले नाहीत.

सकाळपासून ज्या वाघाची मी आरती ओवाळत होतो, तो माझ्याच दुकानात, माझ्याच माणसानं गिऱ्हाइकासमोर नापास केला होता. आता आनंदराव उठणार, चप्पल घालणार आणि दुसऱ्या दुकानात जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अक्कांचा संताप आला होता.

आनंदराव मात्र मांडीवर थाप मारून हसायला लागले. "अवो बाई, ही तर आमच्या डेअरीतली भानगड. दुधात पाणी वाढवलं की दाटपणा बघायचं लॅक्टोमीटर खाली जातंय. मग काय करत्यात, वरनं साखर टाकत्यात. लॅक्टोमीटर परत वर. आकडा बरोबर, दूध पाण्यासारखं. आमच्यात हे रोज चालतंय."

"मग तुम्ही काय करता?" अक्कांनी विचारलं.

"करतोय काय, चव घेऊन बघतोय की."

"तसंच इथं करा. मार्क बघून घेऊ नका. तुमच्यात पोरं जे गेम खेळणार, तेच लावून बघा."

मग आम्ही क्रिकेटचा गेम लावला, मोटारींची शर्यत लावली, बंदुकीचा लावला. बंदुकीच्या खेळात गर्दी झाली की वाघ धापा टाकायचा आणि तलवारवाली बिनघोर चालायची. आनंदराव तासभर खेळले आणि उठताना म्हणाले, "तलवारवाली बसवा सगळ्यांत. पावणं, तुमच्या बाईनं तुमचाच माल माझ्या म्होरं पाडला. आता मला दुसरीकडं बघायचं कारणच न्हाई."

ऑर्डर मिळाली. वाघ परत पाठवताना विक्रेत्याशी कडाक्याचं वाजलं, ते मी सांगत बसत नाही. दिवाळीला वडील स्वतः दुकानात येऊन पेढे वाटून गेले. पण माझ्या मनातली अढी काही जात नव्हती. अक्कांना शंका आली होती, तर त्यांनी मला बाजूला घेऊन कानात सांगायला हवं होतं. गिऱ्हाइकासमोर माझी शोभा कशाला केली? ऑर्डर मिळाली ती आनंदरावांच्या दिलदारीनं. ते उठून गेले असते तर? मी अक्कांशी कामापुरतं बोलत होतो. त्यांना ते कळत होतं, पण त्या शेंगा सोलत बसायच्या.

पार्लरच्या उद्घाटनाला आनंदरावांनी आम्हा दोघांना खास बोलावलं. नारळ अक्कांच्या हातून फोडला. अख्खा बसस्टँड लोटला होता, आणि प्रत्येक मशीनवर पोरं मधाच्या पोळ्यासारखी लगडली होती. माझ्या दुकानाचं नाव त्या दिवशी आनंदरावांनी माइकवरून इतक्यांदा घेतलं, की मलाच लाजल्यासारखं झालं. परतताना त्यांनी आम्हाला कोल्हापूरकडं निघालेल्या दुधाच्या टेंपोत बसवून दिलं. पुढच्या सीटवर ड्रायव्हर, अक्का आणि मी, मागं कॅनांचा खणखणाट. अक्का हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर बघत होत्या. मला राहवलं नाही. मी विचारून टाकलं.

"अक्का, त्या दिवशी मला एकट्याला का नाही सांगितलंत?"

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "माझी लेक माझ्याच शाळेत हुती, माझ्याच वर्गात. तिचा गणिताचा पेपर मी कधी तपासला न्हाई. दुसऱ्या बाईंकडं द्यायची. मला ठाऊक हुतं, की चुकलेलं गणित तिचं असलं तर मी पेन खाली ठेवीन." टेंपोनं खड्डा घेतला, मागचे कॅन आदळले. "तुला मागच्या खोलीत नेऊन सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, अक्का, दुकान जाईल. आणि मी गप्प बसले असते, तम्मा. तुझ्यासाठी मी नक्की गप्प बसले असते. म्हणून चारचौघांत केलं."

वडगाव मागं पडलं, हायवेचे दिवे आले, तरी मी खिडकीकडंच तोंड करून बसलो होतो. अक्कांनी पिशवीतून उद्घाटनाचा पेढा काढला, अर्धा मला दिला, अर्धा ड्रायव्हरला, आणि त्याला विचारायला लागल्या, की ही गाडी लिटरला किती देती आणि ते मोजलं कसं.

पुढं काही वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला आणि अक्का लेकीकडं धारवाडला गेल्या. तिथनंही फोन करून, नवीन कुठलं कार्ड आलं, किती पडले, खरे का खोटे, असं विचारायच्या. तिथंच त्या गेल्या, झोपेत, सुखानं. मी जाऊन आलो. लेकीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई तुमचं फार सांगायची." दोघंही रडलो आणि मग म्हादबाची गोष्ट निघाली तेव्हा दोघंही हसलो.

दुकान आता मोठं झालंय, पण मी चाचणीचं टेबल मागच्या खोलीत नेलेलं नाही. ते दारात, रस्त्याकडं तोंड करून आहे. नवीन माल आला की पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या समोरच लावायचा, मग निकाल काय लागायचा तो लागो. परवा एका महागड्या कार्डाला फारच कमी पडले. गिऱ्हाईक माझ्याकडं बघून हसलं, मीही हसलो, आणि ते कार्ड काढून परत खोक्यात घातलं.