गाल भरले, हाड सुकलं

"मावशी, तुमच्या खुब्याचं हाड मरत चाललंय," अलिबागचे हाडांचे डॉक्टर म्हणाले. एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून त्यांनी नाव सांगितलं, एव्हीएन. म्हणजे हाडाला रक्त पोचत नाही, ते आतल्या आत खचतं. मी म्हटलं, अहो, मी तर पोटाची पेशंट! ते म्हणाले, "पोटाच्या गोळीनंच झालंय."

त्या गोळीचं सांगते. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा. सारखं संडासला पळायचं, नि नुसतं रक्त. पोटाच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं, रक्त थांबलं. "हळूहळू कमी करत बंद करायची, महिन्यानं दाखवायला या," म्हणाले होते. पण कमी केली की रक्त परत. आमच्याकडे पांढरे कांदे निघाले की माळा विणायला दिवसभर उकिडवं बसावं लागतं. कितीदा उठणार? मग गोळ्यांची रिकामी पट्टी औषधाच्या दुकानात दाखवायची, नवी आणायची. वर्षं गेली अशी.

वर सगळ्यांना वाटे, तब्येत सुधारली. भूक वाढलेली, चेहरा गोल. शेजारची सुमन म्हणायची, "काय गं काकू, सून लोणी चारते काय? गाल बघ, गणपतीवाणी झालेत!" सून नम्रताही हसायची. ती गोळीची सूज आहे, हे कुणाला ठाऊक?

आता खाली बसताच येत नाही. खुबा बदलायचा, तर आधी गोळी कमी व्हायला हवी. एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलंय. कमी केली तर आतडं पेटतं. पोटाचे डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "दुसरी औषधं होती, मावशी. तुम्ही आलाच नाहीत." तेच जास्त लागलं. कधी वाटतं, देवानं उचलावं. खोटं कशाला लिहू?

तुमच्यापैकी कुणाला ही गोळी चालू असेल, तर मनानं बंद करू नका, बाबांनो, नि मनानं चालूही ठेवू नका. किती दिवस घ्यायची नि पुढे काय, हे डॉक्टरांना विचाराच.

आज सकाळी परत रक्त दिसलं. पूर्वी पाणी ओतून गप्प बसले असते. आज तसंच ठेवलं नि सुनेला हाक मारली. तिनं पाहिलं, म्हणाली, "आई, चपला घाला, रिक्षा बोलावते."

मला वाकता येईना. तिनं खाली बसून माझ्या पायात चपला घातल्या.