घरी कोणी नाही म्हणणाऱ्या बाया

लग्न होऊन देऊळगाव राजाला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पुरुष मळ्यात गेलेले असले आणि दारात परका माणूस आला, तर पदर सारखा करायचा आणि सांगायचं, "घरी कोणी नाही." माझ्या माहेरी देऊळघाटलाही हेच चालायचं. दोघी-तिघी बाया घरात धडधडीत हजर, चुलीचा धूर दाराबाहेर चाललेला, तरी घरी कोणी नाही! मी सातवी पास होते, पण त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मला सातवा महिना लागला होता. नगरपालिकेच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका, पायी घरोघर जाऊन बाळंतपणं करायच्या. नर्सबाई गावात यायच्या आधी सासूबाईंची दोन लेकरं जन्मतानाच गेली होती. म्हणून मळ्यातली पहिली वांगी देवापुढे ठेवली की दुसरा वाटा नर्सबाईंचा, हा आमच्या घरचा नेम. त्यांची जागा पुढे चालू ठेवायची तर घरपट्टी थोडी वाढवावी लागेल, असं नगरपालिकेत चाललं होतं.

अशात एका दुपारी गावच्या साप्ताहिकाचे संपादक वही घेऊन दारात उभे राहिले. बाजारपेठेत त्यांची मोठी इमारत होती, खाली छापखाना, वर घर.

"वहिनी, घरी कोणी आहे का?"

"कोणी नाही," मी म्हटलं. त्यांनी वहीत काही लिहिलं आणि शेजारच्या दाराकडे गेले.

शनिवारी पेपर आला. घरात वाचणारी मी एकटीच, म्हणून संध्याकाळी मीच मोठ्याने वाचायचे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात: गावाचा कौल, घरपट्टीवाढ नको! खाली लिहिलं होतं की आम्ही घरोघर फिरून लोकांना विचारलं; तेव्हा नर्सबाईंची जागा सोमवारच्या सभेत बंद करावी.

मी पेपर खाली ठेवला. "घरोघर? मंग आपल्याले काऊन नाही इचारलं?"

सासूबाई म्हणाल्या, "आला तं होता तो. तूच सांगतलं ना, घरी कोणी नाही."

मग मामंजी हळूच बोलले. त्यांना संपादकांनी भाजीच्या दुकानावर गाठलं होतं. काय विचारलं? तर, "बसून पगार खाणाऱ्या नोकरांसाठी जास्त घरपट्टी द्याल का?" आता याला हो कोण म्हणेल? नर्सबाईंचं नावसुद्धा काढलं नव्हतं मेल्याने. मामंजी नाही म्हणून मोकळे झाले होते.

"माय वं!" सासूबाई उसळल्या. "दोन लेकरं म्या मातीत घातली, अन् तुम्ही तिले नको म्हनून आले?"

मामंजींना भाकर गोड लागली नाही. मला तर असा संताप आला होता, की त्या संपादकाचीच नाही, स्वतःचीही चीड येत होती. माझं बाळंतपण दोन महिन्यांवर, आणि मीच माझ्या तोंडाने सांगितलं होतं की मी घरात नाही!

रविवारी आम्ही सासवा-सुना वही घेऊन निघालो. सासूबाईंचं म्हणणं, "सरळ इचारू, बाया मरू द्यायच्या का नर्सबाई ठेवायची?" मी म्हटलं, आत्याबाई, हे तर त्याच्यासारखंच झालं. जे आहे ते दोन्ही सांगायचं: घरपट्टी थोडी वाढेल, नर्सबाई राहतील; चालेल का? त्या फुरंगटल्या, पण ऐकलं. एका मोठ्या घरची बाई म्हणाली, आमच्या लेकी बाळंतपणाला जालन्याला जातात, आम्हाला नको. सासूबाईंनी मला कोपर मारलं, तरी मी तिचं 'नको' लिहिलं. बाकीच्यांनी मात्र आधी अंगठा उठवला आणि मग पाणी विचारलं.

सोमवारी सभेला आम्ही निम्मी गल्ली घेऊन गेलो. संपादक हसले. "आम्ही सगळ्या गावाला विचारलंय. आता बायकांचं काय मधेच?"

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा तिथे बोलल्या. "मंग वाचा ना तुमची वही. आमच्या गल्लीपासून वाचा."

नगराध्यक्षांनी मान हलवली, तेव्हा संपादकांना वाचावंच लागलं. आमचं घर: घरी कोणी नाही. "मी होती," मी म्हटलं. पुढचं घर: कोणी नाही. "मी होती." त्याच्या पुढचं: कोणी नाही. "आम्ही तिघी होतो!" घरामागून घर तेच. संपादकांचा आवाज बारीक होत गेला आणि आमचा चढत गेला. सभासद गालातल्या गालात हसायला लागले.

"माझं घर वाचा," नगराध्यक्ष अचानक म्हणाले.

संपादकांनी पान उलटलं, घसा खाकरला. तिथेही तेच. घरी कोणी नाही.

"त्या दिवशी आई होती घरी," नगराध्यक्ष म्हणाले. आता हसायची त्यांचीही सोय नव्हती. त्यांनी आमची वही मागून घेतली, ते एक 'नको'सुद्धा वाचलं, आणि सभासदांना हात वर करायला सांगितलं. नर्सबाई राहिल्या! परत येताना सासूबाई बाजारपेठेतून मुद्दाम मधोमध चालल्या. पदर खांद्यावर होता, डोक्यावर घ्यायचं भानच नव्हतं त्यांना. मला तर नाचावंसं वाटत होतं, पण पोट म्हणे थांब.

दोन महिन्यांनी माझं बाळंतपण झालं. अडलं होतं. नर्सबाई सकाळपासून घाम पुसत बसल्या होत्या, आणि उन्हं कलता कलता लेक रडली. तेवढ्यात दारात नगरपालिकेचा शिपाई आला, वाढीव घरपट्टीचं बिल घेऊन.

"घरी कोणी आहे का?"

"हाव!" सासूबाई आतून ओरडल्या. "चौघीजनी हाये घरी. आन इकडं ते बिल."