थंड इंजिनाची नित्यपूजा

विघ्नहर्त्या गजाननाला आणि ज्याच्या मुखाने सर्व देव हविर्भाग स्वीकारतात त्या अग्निनारायणाला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त माझ्या लेकीच्या वर्षश्राद्धाचे. काल ते यथाविधि पार पडले. दर्भ माझ्या बोटात होता आणि नाव तिचे घ्यावयाचे होते.

तारापूरजवळच्या गावात मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आणि सुटीच्या दिवशी पंचक्रोशीत याज्ञिकी केली. लेक एकुलती एक. लहानपणी होमाच्या वेळी माझ्या शेजारी पाट मांडून बसे. एकदा कंटाळून म्हणाली, "बाबा, तूप एकदम ओता ना, लवकर संपेल." मी तिच्या समाधानासाठी भरलेली पळी एकदम उपडी केली. तूप ज्वाळेत न पडता कुंडाच्या थंड विटांवर ओघळले, कडवट धूर उसळला आणि तिची आई खोकत अंगणात गेली.

"पाहिलेस?" मी म्हणालो. "अग्नीला पचेल तेवढेच द्यावे, आणि त्याच्या मुखातच द्यावे."

तिने ते किती खोल साठवले, हे मला पुढे वीस वर्षांनी कळले. ती पुण्यास इंजिनांच्या प्रयोगशाळेत लागली. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट ज्वलनाच्या जागी फवारले जाते, त्यांतून निघणारी सूक्ष्म काजळी कमी करणे हे तिचे काम. डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासाबरोबर खोल जाते, असे ती सांगे. इंजिन थंड असले की पेट्रोलचे थेंब आतल्या थंड पृष्ठभागावर बसतात, नीट जळत नाहीत, त्यांची काजळी होते. म्हणून एका फवाऱ्याचे दोन-तीन लहान फवारे करायचे आणि नेमकी वेळ साधायची.

"तुमचीच पळी आहे ही, बाबा," ती हसून म्हणाली होती. "फक्त डोळ्याचे पाते लवायच्या आत तीनदा हलवायची."

गेल्या वर्षी तिला ताप आला, आणि आम्ही पुण्यास पोहोचण्यापूर्वीच सर्व संपले. महिन्याभराने तिचा एक सहकारी तिची गाडी आमच्या दारी आणून उभी करून गेला. त्याच जातीचे इंजिन होते. जाताना त्याने मला गाडी चालू-बंद करण्यास शिकवले आणि म्हणाला, "बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून फिरवा."

मला गाडी चालवता येत नाही. फिरवणे राहिले, चालू करणे तेवढे उरले. आणि 'अधूनमधून' हा शब्द मला पुरेना. रोज सकाळी स्नानसंध्या आटोपली की मी ओसरीपुढे गाडी सुरू करी, शेजारी पाट मांडून एक अग्निसूक्त म्हणे आणि सूक्त संपताच बंद करी. त्या घरघरीत ती जवळ आहे असे वाटे. पत्नी खिडकीतून पाहत असे. लेक गेल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता, आणि तिच्या डोळ्यांना पाणीही आले नव्हते.

नऊ महिने असे गेले. एके सकाळी स्टिअरिंगच्या चाकामागच्या पट्टीवर एक पिवळा दिवा आपोआप लागला. त्या दिवशी लेकीची जन्मतिथी होती. आयुष्यभर तर्कशास्त्र वाचलेला मी. पण त्या क्षणी हात जोडले गेले. अकरा दिवस मी त्या दिव्यासमोर झेंडूचे फूल ठेवले. बाराव्या दिवशी इंजिन गुदमरल्यासारखे धापा टाकू लागले, तेव्हा पत्नीनेच बोईसरच्या मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री उंचापुरा, वाणगावकडचा, मोकळ्या तोंडाचा. गाडीचे दार उघडताच म्हणाला, "गुरुजी, गाडी चालवता का नुसती पूजता? ही फुलं कुणाला? दिव्याला?"

मी मान हलवली.

"अवो, हा देवाचा दिवा नाय. काजळीचा हाय! धुराच्या नळीत गाळणी असते, ती भरली. रोज किती चालवता?"

"चालवत नाही. उभी ठेवूनच, एक सूक्त होईपर्यंत."

"थंड गाडी चालू करायची, तापायच्या आत बंद करायची. रोज! गुरुजी, काजळी करायची याच्याहून पक्की रीत नाय."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. जे थांबवण्यासाठी माझ्या मुलीने आयुष्य वेचले, तेच मी नऊ महिने तिच्या नावाने, मंत्र म्हणत, नेमाने करत होतो. थंड विटेवर तूप ओतू नये, हे तिला शिकवणारा मीच.

पत्नी दारात येऊन उभी होती. तिने मिस्त्रीला गाडी कोणाची ते सांगितले. त्याचा आवाज उतरला. "धूर दिसला नाय ना, काकू, म्हणून यांना कळला नाय. सगळा आतच साठत ऱ्हायला."

"आमच्या घरात सगळ्यांचंच तसं आहे," ती म्हणाली.

"पण गाळणी मेली नाय अजून. लांब पळवली, नीट तापवली, की आतली काजळी जळून जाते. हायवेला नेतो. तुमी पण बसा."

"मीही येते," पत्नी म्हणाली, आणि पायांत चपला सरकवल्या.

मिस्त्री चाकामागे बसला तर त्याचे गुडघे वर अडकले. आसन लेकीच्या उंचीला लावलेले होते. ते मागे सारण्यासाठी त्याने खाली हात घातला.

"नको," मागून पत्नी म्हणाली. "राहू दे तसंच."

"ऱ्हाऊ दे, काकू. बसतो असाच."

तो तसाच अवघडून, बोईसर मागे टाकून चिल्हार फाट्याला महामार्गास लागला. पुढे उत्तरेस रस्ता मोकळा होता. गाडी वेगात आणी, मग पाय पूर्ण काढून घेई. "पाय काढला की पेट्रोल बंद, नुसती हवा आत जाते. काजळी तेवाच जळते," तो म्हणाला. वेग, मग पाय काढणे; पुन्हा वेग. मी दिव्याकडे पाहत होतो. चारोटीच्या अलीकडे महालक्ष्मीचा सुळका दिसू लागला, पत्नीने सवयीने हात जोडले, आणि मी पुन्हा पट्टीकडे पाहिले तर दिवा शांत झाला होता.

मग मागून हुंदका ऐकू आला, लेक गेल्यापासूनचा पहिला. मिस्त्रीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि समोर पाहत बसून राहिला. मी उतरून मागे तिच्याजवळ जाऊन बसलो. बराच वेळ ती रडली. माझे उपरणे ओले झाले; त्यातले अश्रू माझे किती आणि तिचे किती, सांगता येणार नाही.

डोळे पुसून ती मिस्त्रीला म्हणाली, "आसन मागे घे रे बाबा. गुडघे दुखले असतील तुझे."

त्याने खाली हात घातला. आसन मागे सरकल्याचा आवाज आला, आणि मी डोळे मिटले.

आता सकाळी मी गाडी सुरू करत नाही. सूक्त तेवढे म्हणतो, स्तब्ध गाडीपाशी. पंधरवड्याने मिस्त्री येतो आणि आम्हा दोघांना लांबवर फिरवून आणतो.

वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या चुलीतला, समईतला आणि वाहनातला अग्नी निर्धूम राहो. तुझ्या घरची लेकरे तुझ्याहून दीर्घायुषी होवोत, आणि तुझ्या घरातला प्रत्येक श्वास निर्मळ असो.