त्रिभुवनबाईंचं उघडं दार

रविवारच्या प्रार्थनेत, म्हणजे मिस्सामध्ये, एकमेकांना शांतीची खूण करायची वेळ आली की आमचं अख्खं चर्च हलतं. पुढचे मागे वळतात, मागचे पुढे झुकतात, कुणी हात मिळवतं, कुणी नमस्कार करतं. वर्षभर ज्यांच्याशी नळाच्या पाण्यावरून बोलणं बंद आहे, त्यांच्याकडे बघूनही तेवढ्यापुरतं हसायचं असतं. त्या वेळी डावीकडच्या तिसऱ्या बाकाशी एक उंच, हाडकुळी, सुती साडीतली बाई हाताची घडी घालून समोर बघत उभी असायची. कुणी हात पुढे केलाच तर त्या हाताकडे शिळ्या भाजीकडे बघावं तसं बघायची. पुढे पुढे कुणी करेनासंच झालं. नवीन माणूस आलं की आम्ही त्याच्या कानात सांगायचो, त्या त्रिभुवनबाई, त्यांना सोडा.

सिसिलिया त्रिभुवन. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दर रविवारी मिस्सानंतर चर्चच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग त्या घेत आणि मी त्यांच्या हाताखाली असे. मी बँकेत नोकरी करते, रविवार एकच मिळतो, तो या बाईंची बोलणी खाण्यात का घालवते असं माझा नवरा विचारायचा. मलाही ते सांगता यायचं नाही. बाई प्रेमळ नव्हत्या. मुलांचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. नाताळात करंजी हातावर ठेवतानासुद्धा ‘सांडू नका’ असं आधी बजावायच्या आणि मग ठेवायच्या.

आमचं चर्च एकलहऱ्याच्या बाजूला. वारा फिरला की वीज केंद्राची बारीक राख येते आणि बाकांवर, पुस्तकांवर, मुलांच्या पांढऱ्या कपड्यांवर बसते. तरी बाईंच्या वर्गाचं दार सताड उघडं. थंडीत मुलं कुडकुडायची. मी एकदा दार लोटायला गेले तर म्हणाल्या, “राहू दे. देवाला सर्दी होत नाही.” राखेचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, “राख झटकता येते.” दाराचं हे वेड कुठून लागलं ते कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “आयुष्यभर मास्तरकी केली मी. बंद दारामागे कुणी पाढे शिकवत नाही.” आम्ही हसायचो. एकट्या राहणाऱ्या बाईच्या डोक्यात काय काय येतं, असं म्हणायचो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मोठ्या फादरांच्या मदतीला एक धाकटे फादर आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. बाईंवर लिहिताना त्या माणसाला नावानिशी जागा देण्याची माझी इच्छा नाही. तरुण, गोरेगोमटे, गिटार वाजवणारे. प्रवचनात विनोद करायचे. आयांनी तर त्यांना डोक्यावर घेतलं, आज हिच्या घरचं जेवण, उद्या तिच्या घरचं. हॉलशेजारच्या खोलीत ते मुलामुलींना गिटार शिकवू लागले. दार बंद. का, तर आवाजाचा इतरांना त्रास होतो.

बाई एकदा सरळ गेल्या आणि ते दार उघडून बाजूच्या खुर्चीवर जपमाळ घेऊन बसल्या. फादर हसत म्हणाले, “बाई, पहारा ठेवता की काय माझ्यावर?” बाई म्हणाल्या, “हो.” झालं. आठवडाभर आमच्या वस्तीत दुसरा विषय नव्हता. देवाच्या माणसावर संशय घेते म्हणून लोक त्यांना बोल बोल बोलले. मोठ्या फादरांनी त्यांना बोलावून समज दिली. खोलीचं दार पुन्हा लागलं.

त्या वर्षी आमच्या मुलांचा दृढीकरणाचा संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी होता. त्याच्या आदल्या महिन्यात मुलांना कन्फेशन करावं लागतं, आपली पापं फादरांना सांगायची आणि क्षमा मागायची. शनिवारी दुपारी मुलं रांगेत उभी होती आणि कन्फेशन ऐकायला बसले होते धाकटे फादर. रांगेत एक मुलगी होती. तिला इथे मी सोनी म्हणते. अशा प्रकरणातल्या मुलीचं खरं नाव लिहायचं नसतं, कायदाही तेच सांगतो. सोनी मागच्याला पुढे जाऊ देई. मग त्याच्या मागच्याला. सगळी रांग संपत आली तरी ही आपली शेवटीच. मला वाटलं, पोरगी लाजते आहे. मी तिला हलकेच पुढे ढकलणार तेवढ्यात बाईंनी माझा हात धरला आणि सोनीला म्हणाल्या, “चल, माझ्याबरोबर वाटाणे सोलायला. इथलं राहू दे.”

चर्चच्या मागच्या पायरीवर दोघी वाटाणे सोलत बसल्या. बाईंनी काही विचारलं नाही. अर्धी परडी सोलून झाल्यावर सोनीच म्हणाली, “बाई, ज्यांनी केलं त्यांनाच आपण पाप सांगायचं का?” पुढचं जे ती बोलली ते शब्दन् शब्द बाईंनी मला त्या दिवशी सांगितलं, नंतर पोलिसांना आणि न्यायालयात सांगितलं. त्यापलीकडे कुणाला नाही. मीही लिहिणार नाही.

सोनीची आई, सुमनताई, चर्चमध्ये फुलं लावायची. मूळची बागलाणातली, अबोल बाई. वडील कंत्राटी कामगार. बाई सरळ त्यांच्या घरी गेल्या. आई भिंतीला टेकून खाली बसली. वडील म्हणाले, थोडा वेळ द्या. बाई म्हणाल्या, आजची रात्र घ्या, उद्या मिस्सा झाला की मी पोलिसांत जाणार, तुम्ही आलात तर बरोबर, नाही आलात तर एकटी. असं कळूनही जो कळवत नाही तोही कायद्यानं गुन्हेगार असतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तिथून त्या मोठ्या फादरांकडे गेल्या, का, तर निदान उद्या तरी त्या माणसाला मुलांपासून लांब ठेवा हे सांगायला.

मोठे फादर वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरून आले म्हणे. पण डोळे पुसून त्यांनी पहिला फोन केला तो चर्चच्या कौन्सिलचे सेक्रेटरी अमोलिकसाहेबांना. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कोट घालून मिस्साला येणारे. त्या संध्याकाळी कौन्सिलची बैठक बसली. मी कौन्सिलवर होते, म्हणून मी ती ऐकली. धाकट्या फादरांना तातडीनं दुसरीकडे पाठवायचं, मुलीला समजवायचं आणि विषय संपवायचा, असं ठरत होतं. अमोलिकसाहेब म्हणाले, “आपण मूठभर माणसं. आधीच लोक आपल्याकडे संशयानं बघतात. त्यांच्या हाती आपणच कोलीत द्यायचं?” भीती खोटी नव्हती. आमच्यातल्या प्रत्येकाच्या पोटात ती असते. बाई दारात उभ्या होत्या, त्यांना आत बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तिथूनच म्हणाल्या, “कोलीत घरातच पेटलंय, साहेब. आणि त्यावर लेकरू आहे.” कुणीतरी म्हणालं, मुलं खोटंही बोलतात. त्यावर बाई म्हणाल्या, “बोलतात ना. बिस्किटासाठी बोलतात. असल्या गोष्टीसाठी नाही.”

आता पुढचं ऐका. कौन्सिलच्या कपाटात शाली कायम तयार असतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, धाकट्या फादरांना निरोप द्यायचा ठरला, शाल, श्रीफळ आणि मुलांचं गाणं. आणि त्याच मिस्सामध्ये समेटही उरकून घ्यायचा. सोनीच्या घरच्यांना पहिल्या बाकावर बसवायचं, शांतीच्या खुणेच्या वेळी फादर खाली येतील, मुलीनं हात द्यायचा, देवासमोर सगळं मिटलं. ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून आली ती भली, उपासतापास करणारी माणसं होती. म्हणून तर संताप येतो. नुसत्या लबाड माणसाला असलं सुचलं नसतं.

मोठ्या फादरांनी प्रवचन क्षमेवर केलं. मग ती वेळ आली. धाकटे फादर वेदीवरून खाली उतरले, दोन्ही हात पुढे केलेले. सोनीच्या खांद्यावर अमोलिकसाहेबांनी मागून हात ठेवला आणि तिला जरा पुढे केलं. आणि सोनीचा हात उचलला जाऊ लागला. ते मी विसरू शकत नाही. मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं, हे आम्हीच तिला दर रविवारी शिकवलं होतं.

बाई तिसऱ्या बाकावरून निघाल्या. घाई नाही, आवाज नाही. सोनी आणि तो माणूस यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या आणि हाताची घडी घातली. “हा हात ती देणार नाही.” मोठे फादर कळवळून म्हणाले, बाई, ख्रिस्तानं क्षमा शिकवली. बाई त्यांच्याकडे वळल्या. “ज्याला लागलं त्यानं क्षमा करायची असते, फादर. तुम्ही परस्पर काय वाटताय? पेढे आहेत का?”

त्यांनी सोनीला फक्त ‘येतेस?’ एवढं विचारलं. सोनी निघाली. सुमनताई मागोमाग निघाल्या. वडील तिथेच गुडघ्यावर बसले. मी बाहेर पळत जाऊन रिक्षा बोलावली. मागे मुलं गात होती, कारण त्यांना थांबा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

पोलीस ठाण्यातली महिला अधिकारी शांत आणि नीट बोलणारी होती. तिनं विचारलं, आई म्हणून तुम्हाला काय सांगायचंय? सुमनताई शहरात आल्यापासून आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायच्या. त्या क्षणी तो गळून पडला, गावाकडची अहिराणी तोंडात आली. “मनी पोर खोटी नही शे,” एवढंच त्या बोलल्या. तेवढ्यात वडील आले, मागे उभे राहिले आणि सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी केली.

धाकट्या फादरांना अटक झाली, मग जामीन झाला. सोनीच्या घरच्यांना वस्तीत राहणं नकोसं झालं. ते आजोळी गेले. बाई इथेच राहिल्या, म्हणून सगळं त्यांच्या वाट्याला आलं. वयोमानानुसार विश्रांती घ्यावी असं सांगून त्यांचा वर्ग काढून घेतला. त्यांच्या बाकावर कुणी बसेना. आमच्यात नाताळात घरोघरी फराळाचं ताट पाठवतात आणि आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नसतं. त्या नाताळात बाईंनी नेहमीच्या घरी ताटं पाठवली. ती परत आली, त्यांच्याच करंज्यांसकट. रीत कुणी मोडली नाही, ताट काही रिकामं नव्हतं. मी नेमकी तिथे होते. मला रडू आलं. बाईंनी एक करंजी मोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “बरंच झालं. यंदा कडक झाल्यात.”

तरी दर रविवारी बाई चर्चमध्ये यायच्या. कशाला येता या लोकांत, असं मी एकदा चिडून विचारलं. म्हणाल्या, “चर्च काय यांच्या बापाचं आहे?” शांतीची खूण मात्र त्यांनी त्या समेटाच्या रविवारपासून कुणालाच केली नाही, मलासुद्धा नाही. मला त्याचा राग यायचा, मी तर त्यांच्या बाजूची होते. बोलून दाखवलं तर म्हणाल्या, “शांती झाली की देईन ना. झाली का?”

न्यायालयाच्या तारखांना त्या सोनीबरोबर जात. आत जाण्याआधी तिला चहा पाजत आणि एकच सांगत, “जेवढं झालं तेवढंच सांग. घाबरलीस तर थांब. कोर्ट थांबतं.” सोनीची साक्ष नीट झाली, बाईंचीही झाली. निकाल अजून लागायचा आहे. तो ऐकायला बाई राहिल्या नाहीत. गेल्या थंडीत छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेल्या.

त्यांच्या अंत्यविधीला चर्च भरलं. इतकी माणसं त्यांच्या घरी जिवंतपणी आली असती तर बसायला जागा पुरली नसती. नव्या फादरांनी निर्भीड, श्रद्धावान वगैरे शब्द वापरले. शवपेटीला खांदा द्यायला अमोलिकसाहेब सगळ्यांच्या पुढे. सोनी आली होती, आता नर्सिंग शिकते. शांतीच्या खुणेच्या वेळी अमोलिकसाहेबांनी तिच्यापुढे हात केला. तिनं त्या हाताकडे बघितलं आणि हाताची घडी घातली. साहेबांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग कोटाच्या खिशात गेला.

त्यानंतर चर्चमध्ये बालसुरक्षा समिती झाली. अध्यक्ष कोण, ते सांगायला नको. समितीनं हॉलशेजारच्या खोलीला नवीन दार बसवलं, वरच्या अर्ध्या भागाला काच, म्हणजे बाहेरून सगळं दिसावं. दाराशेजारी बाईंच्या नावाची संगमरवरी पाटी. उद्घाटनाला बिस्किटं होती. बाईंचा वर्ग मला मिळाला तो त्याच खोलीत.

महिना झाला नसेल, काचेला आतून पडदा लागला. फुलाफुलांचा, छान शिवलेला. कुणी लावला ते कुणालाच माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, ऊन येतं हो मुलांच्या डोळ्यांवर. ती खोली उत्तरेकडची आहे, तिथे ऊन कधीच येत नाही. मी पडदा काढला आणि पिशवीत घातला. पुढच्या रविवारी दुसरा होता. तोही काढला. असं चाललंय. घरी नवरा विचारतो, एवढे पडदे कशाला आणतेस?

गेल्या रविवारी पडद्याला चारही बाजूंनी खिळे ठोकलेले होते. मुलं बाहेर उभी होती, वाऱ्यानं राख येत होती. मी शेजारच्या सायकलवाल्याकडून पकड मागून आणली.