जीपचं डावं दार

सासऱ्यांची जुनी जीप वर्षानुवर्षं डेंटर जावयानेच जिवंत ठेवली होती. सासरे गेले आणि धाकट्या साडूने ती परस्पर हाकत नेली, वर बायकांसमोर म्हणाला, "पत्रे ठोकणाऱ्याला कशाला हवीय जीप?" आता गंमत बघा, हावरटपणाच्या घाईत तो एक गोष्ट विसरला. जीपचं डावं दार दुरुस्तीसाठी डेंटरच्याच गॅरेजात पडलं होतं.

त्या काळची दारं एकेका गाडीला हाताने ठोकून बसवलेली असत. साडूने सगळे भंगारवाले पालथे घातले, पण एक दार लागेना आणि दुसरं लागलं तर उघडेना. शेवटी जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या आदल्या दिवशी स्वारी नाक मुठीत धरून गॅरेजात आली.

"साडूभाऊ, ते दार..."

"आहे की! जिवापाड जपलंय," म्हणत डेंटरने त्याला मागच्या बाजूला नेलं. गॅरेजच्या संडासाला ते दार झोकात बसवलं होतं, सासऱ्यांच्या आवडत्या हिरव्या रंगात. काच तेवढी काळी केली होती.

"काढून द्या ना!"

"बिजागऱ्यांना वेल्डिंग केलंय हो. पण तुमचाही हक्क आहे त्याच्यावर," डेंटर गोड हसला. "कधीही या, वापरा. आत कोणी असलं तर हॉर्न तेवढा वाजवू नका."