मधला बॉल

चाचा टेनिस खेळताना बॉलकडे कमी आणि माझ्या पायांकडे जास्त बघायचे. रसायनीच्या आमच्या कारखान्यात ते फिटर, मी लॅबमध्ये. संध्याकाळी कॉलनीच्या सिमेंटच्या कोर्टवर आमची डबल्सची जोडी असायची. मी नेटकडे धावले की तेही पुढे, मी उजवीकडे सरकले की तेही तेवढेच उजवीकडे. मी त्यांना न बघता पळाले की लगेच, "एकटी कुठं चाललीस गं? मधी टेंपो जाईल एवढी जागा सोडलीस."

मधून आलेला बॉल मात्र त्यांचा. ते डावीकडे उभे राहायचे, त्यामुळे त्यांचा फोरहँड बरोबर मध्ये यायचा. मी मुळातली आगाऊ. एकदा त्यांचा बॉल मीच मारला, तर खेळ थांबवून म्हणाले, "शेजारच्यावर भरोसा नसंल तर सिंगल खेळावं माणसानं." सासूनेही मला इतकं सुनावलं नव्हतं. दोन पॉइंट झाल्यावर चाचांनीच हळूच विचारलं, "रागावलीस नाय ना?"

मागच्या वर्षी त्यांचे मधले बॉल सुटायला लागले. चाचींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही. "त्यांना बोलू नको हां." मी बोलले नाही. गुपचूप अर्धं पाऊल डावीकडे उभी राहू लागले आणि मधले बॉल मारू लागले. कॉलनीची फायनल आम्ही तशीच जिंकलो. मी आपली स्वतःवर भलतीच खूश.

चाचांनी कप माझ्या हातात दिला. "घरी ने. तुझाच हाय." मग आठवडाभर कोर्टवर फिरकले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. चहा पुढे सरकवत म्हणाले, "डोळा गेला ते मला ठाव हाय. पन तूबी मला सोडून खेळलीस?" मला रडूच आलं. मोठी दयाळू समजत होते मी स्वतःला.

"उद्या चला," मी म्हटलं. "मधला तुमचा."

आले. ती आमची शेवटची मॅच. पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन ते कळंबला गावी गेले. त्या संध्याकाळी एकेक बॉल त्यांच्या रॅकेटपासून हातभर लांबून गेला. माझे हात शिवशिवत होते, पण मी जागेवरून हलले नाही. सेट सहा-एकने हरलो.

बाकावर बसून बूट सोडताना चाचा म्हणाले, "आज बरं वाटलं गं. आज दोघं हरलो."