लीलाताईंनी सिन्नरला नाही म्हटलं

लीलाताई गेल्याचं त्यांच्या भावानं, मधुकररावांनी, सिन्नरला माझ्या शाळेत येऊन सांगितलं. "सकाळी चहा पिता पिता गेली," एवढंच ते बोलले. मला रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता विचारायचं कुणाला?... दीड महिना झाला, तो प्रश्न तसाच आहे.

त्र्याहत्तरच्या सुमारास आम्ही दोघी देवळाली कॅम्पातल्या एकाच शाळेत लागलो. त्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, लग्न न केलेल्या, भाऊ-भावजयीजवळ राहणाऱ्या. माझा नवरा नुकताच गेला होता आणि पदरात दोन लहान मुलं. मधल्या सुट्टीत आम्ही एकत्र डबा खायचो. भाकरीबरोबर नुसता ठेचा असला तरी त्या अशा चवीनं जेवायच्या, की मला माझीच भाजी अळणी वाटायची. वर्गातल्या कुणी पहिल्यांदा स्वतःचं नाव न चुकता लिहिलं, की ती पाटी घेऊन माझ्या वर्गापर्यंत धावत यायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

चार-पाच वर्षांनी संस्थेच्या सिन्नरच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली. यादीत त्या पहिल्या, मी दुसरी. त्यांनी नकार कळवला आणि जागा माझ्याकडे आली. मी चिडलेच. "ताई, असं पद पुन्हा येतं का?"

"अगं, मी घरून चालत येते शाळेत. पोरं वाटेत भेटतात, बडबडत येतात बरोबर. ते सोडून एसटीत लोंबकळत जाऊ?"

"एवढ्यासाठी?"

"एवढं थोडं आहे का, वत्सला?"

मी सिन्नरला गेले. मुलं शिकली, घर झालं, लोक 'मोठ्या बाई' म्हणू लागले. आणि रोज संध्याकाळी देवळालीला परतीच्या गाडीत मला वाटायचं, सुख त्या घेऊन बसल्या आणि मला नुसतं काम देऊन टाकलं. एकदा न राहवून विचारलं, "ताई, तुम्ही सुखी आहात ना?" त्या म्हणाल्या, "असते की अधूनमधून. सारखं कोण असतं?"

मग एकदा मला त्या देवळालीच्या स्टेशनवर दिसल्या. पॅसेंजर निघून गेली होती आणि त्या बाकावर एकट्या रडत होत्या. मला पाहताच डोळे पुसून म्हणाल्या, "काही नाही गं." मी पुढं विचारलं नाही. का नाही विचारलं?...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या मागचा विधी होता तेव्हा, त्यांच्या घरी गेले, तेव्हा मधुकरराव सहज बोलून गेले, "तुमच्या मुलांसाठी सोडली तिनं ती जागा. वत्सलाला जास्त गरज आहे, म्हणायची." तेवढ्यात लीलाताईंच्या वहिनी, मधुकररावांची बायको, आतून म्हणाल्या, "तसं काय नाय हो बाई. लय घाबरल्या व्हत्या. एवढी शाळा मला झेपायची नाय, म्हणून आठवडाभर धड जेवल्या नाय."

मधुकररावांनी नाही म्हणून मान हलवली, वहिनींनी पण हलवली. दोघंही आपल्या म्हणण्यावर ठाम.

निघताना वहिनींनी पेटीतून एक साडी काढून माझ्या हातात दिली. गर्द हिरवी, घडीसुद्धा न मोडलेली. "सिन्नरला पहिल्या दिवशी नेसायला घेतली व्हती. मंग कधी नेसल्याच नाय. तुम्हीच न्या."

म्हणजे जायचं होतं त्यांना. एक दिवस का होईना, दुकानात उभं राहून, रंग निवडण्याइतकं तरी जायचं होतं. मग ते चालत येणं, ती पोरांची बडबड, ते खरं होतं की मला गप्प करायला सांगितलेलं? की सगळंच खरं?...

गेल्या सोमवारी ती साडी नेसून मी शाळेत गेले. प्रार्थनेनंतर पहिलीतली एक मुलगी जवळ आली. पदराला हात लावून म्हणाली, "बाई, आज काय हाय?"

मी म्हटलं, "मलाही नाही गं कळलं." ती हसली आणि माझं बोट धरून वर्गापर्यंत बडबडत आली.